सुगंधी तेल आणि घरातील रांजण

खानदेशात रोशा गवताचे तेल काढण्याचा धंदा जुना आहे. या तेलाच्या, तसेच सिट्रोनेलाच्या उग्र वासाने डास दूर राहतात, हे खरे. तथापि ते उडून जाणारे तेल होय. खोबरेलात मिसळून अंगास लावले तरी गुण तास-दोन तासच टिकतो. संध्याकाळी धारा काढणाऱ्यास तेवढे पुरे. (तान्ह्या मुलास मात्र लावू नये.) हिवतापाचा डास बहुधा रात्री, माणूस झोपेत असता चावतो, तेथे मच्छरदाणीच हवी. डेंग्यूचा डास तर दिवसा चावतो व घरच्याच रांजणात आठ-दहा दिवसांत तयार होतो. म्हणून तेलाची शिफारस करण्यापूर्वी ग्रामसेवकाने दर आठवड्यास रांजण रिकामे करवून, घासून कोरडे करविणे अधिक अगत्याचे. टंचाईच्या गावी साठविलेले पाणी ओतावयास सांगणे अवघड; तेथे रांजणाच्या तोंडास निदान फडके घट्ट बांधावे.