काच वर घे!

नैरोबीच्या विमानतळातून गाडी बाहेर पडून दहा मिनिटं झाली नसतील, तोच मला न्यायला आलेल्या आपल्याकडच्या साहेबांनी पहिला धडा दिला. "काच वर घ्या. मोबाईल खिशात टाका. ह्या लोकांचा भरवसा नाही." पुढच्या सिग्नलला आडनाव विचारलं. सांगितलं. साहेब गप्प. तिसऱ्या सिग्नलला म्हणाले, "काच वर घे."

घ्या चं घे व्हायला तीन सिग्नल पुरले.

दोस्तहो, आफ्रिका म्हंजे सिंह आणि जंगल असं ज्या मास्तरानं शिकवलं, त्याला पहाटे या मोंबासा रोडवर आणून उभा करा. डोक्यावर 2022 साली खुला झालेला, चिनी कंपनीनं बांधलेला 27 किलोमीटरचा टोलरस्ता. खाली मटाटूंची कोंडी, रंगवलेली बसगाडी, कान फाडणारी गाणी, दारात लोंबकळणारा कंडक्टर. बाभळींवर माणसाच्या छातीएवढे टकले करकोचे. आणि कडेकडेनं चालणारी माणसं. हजारो. कारखान्यांकडे, पायी. रोज दोन वेळचं भाडं कुणाला परवडतंय? मुकुरूच्या पत्र्याच्या झोपड्यांतनं ती निघालेली. त्याच मुकुरूतली हजारो घरं 2021 साली बुलडोझरखाली गेली, कारण टोलरस्त्याला जोडरस्ता पाहिजे होता. गिरणीच्या पहिल्या पाळीला जाणारी आपली माणसं अशीच चालायची. साहेबांना या रांगेत नुसते चोर दिसत होते.

हे शहर वसवलं कुणी? 1899 साली इंग्रजांनी मसाईंच्या कुरणावर रेल्वेचा तळ टाकला, तिथनं सुरुवात. रूळ टाकायला हिंदुस्थानातनं सुमारे 32 हजार मजूर नेले, त्यातले अडीच हजार मेले. त्यांची आठवण साहेब मोठ्या अभिमानानं काढतात, जणू घमेलं यांच्याच आजोबानं उचललं होतं! मग शहराची मांडणी झाली. गोऱ्यांना उंचावरची थंड हवा, हिंदी लोकांना बाजार आणि त्याच्या आसपासचे बंगले, काळ्यांना पूर्वेचा सखल भाग. पहिल्या महायुद्धानंतर काळ्या पुरुषाच्या गळ्यात किपांडे आला. किपांडे म्हंजे परवाना, पत्र्याच्या डबीत घालून गळ्यात अडकवायचा. गळ्यात काय अडकवलं जातं हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. आपलं मडकं होतं, त्यांची डबी.

आणि या उतरंडीत मधलं मडकं होते हिंदी. 1920 च्या दशकात यांच्या पुढाऱ्यांनी चळवळ केली, गोऱ्यांनी राखलेल्या डोंगराळ जमिनीत आम्हालाही हक्क द्या म्हणून. जमीन ज्यांची होती त्यांना परत द्या, असं किती जण म्हणाले? मधल्याला वरची पायरी पाहिजे असते, खालच्याच्या डोक्यावर पाय ठेवून. बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध विषमता सांगितली ती हीच, फक्त समुद्र ओलांडलेली. समुद्र ओलांडला की धर्म बुडतो म्हणत होते ना? धर्म बुडला असेल, जात पोहत आली. जातवार सभागृहं, जातवार सोयरीक. गोव्याच्या ख्रिस्ती लोकांतसुद्धा शिंप्यांना वेगळी संस्था काढावी लागली.

यांच्यापेक्षा शब्द बरे. दुकानचं दुका झालं, गाडीचं गारी झालं, चपाती चपातीच राहिली. शब्दांना कुणाचा विटाळ झाला नाही.

साहेबांच्या स्वयंपाकघराबाहेर, नळाजवळ, एक पत्र्याचा मग पालथा घातलेला होता. तो गड्याचा. केस पिकलेल्या माणसाला हे 'बॉय' म्हणतात. मला चहा आला कागदी कपातनं.

अपवाद होते, आणि ते आपल्या पोरांना पाठ पाहिजेत. माखनसिंग, कामगार पुढारी. 1950 साली जाहीर सभेत काळ्यांचं राज्य मागितलं, तर अकरा वर्षं डांबून ठेवला. पिओ गामा पिंटो, मूळ गोव्याचा. गोवा मुक्तीसाठीही लढला, केनियासाठीही. 24 फेब्रुवारी 1965 ला घराच्या दारात गोळ्या घातल्या, मोटारीत छोटी पोरगी होती. साहेबांना ही नावं विचारली. त्यांना क्रिकेट क्लबची माहिती होती.

ज्यांना बघून काच वर घ्यायची, ती पोरं 25 जून 2024 ला करवाढीच्या विरोधात संसदेत घुसली. पोलिसांनी गोळ्या घातल्या, माणसं मेली. दुसऱ्या दिवशी राष्ट्राध्यक्षांनी त्या विधेयकावर सही करायला नकार दिला. आपल्याकडचा कुठला साहेब मोर्च्यात लाठी खाऊन आलाय?

आता जरा आपल्याकडे वळतो. 1972 साली मुंबईत पँथर हे नाव घेतलं ते अमेरिकेतल्या काळ्यांकडनं. चांगलं केलं. पण मार्च 2017 मध्ये ग्रेटर नोएडात नायजेरियन पोरांना जमावानं बडवलं, तेव्हा आपल्यातले किती रस्त्यावर उतरले? भिंतीवर काळ्या माणसाचं पोस्टर आणि चाळीत काळ्या माणसाला खोली नाही, हा काय प्रकार आहे बे?

दुसऱ्या दिवशी साहेबांची गाडी नाकारली आणि जुन्या कपड्यांच्या गिकोंबा बाजाराकडे जाणाऱ्या मटाटूत चढलो. मटाटू नाव तीनवरनं आलं, तातू म्हंजे तीन, एकेकाळी भाडं दहा सेंटची तीन नाणी होतं. कंडक्टरनं पैसे घेतले, हसला, ओरडला, "मुहिंदी!" सगळी बस वळून बघायला लागली. शेजारची भाजीवाली बाई टोपली आवरत सरकली आणि मला विचारलं, तुझं दुकान कुठंय?