फुसका बार

आपल्या मराठीत ‘फुसका बार’ हा थट्टेचा शब्द आहे. फटाका नुसताच फुस्स झाला की पोरे टाळ्या पिटतात, आणि पुढाऱ्याचे आश्वासन हवेत विरले की आपण! त्यामुळे सिनेमात वापरायच्या बिनगोळीच्या काडतुसाला कोणी ‘फुसके’ म्हटले, की ऐकणाराची भीतीच निघून जाते. मी पडलो मराठीचा मास्तर. माझी तक्रार त्या विशेषणाविरुद्ध आहे.

हल्ली फोनवरही चित्रपट काढता येतो. तेव्हा आमच्या कुडाळच्या काही विद्यार्थ्यांनी शिकारीवर एक लघुपट काढायचे ठरवले. आमच्या जिल्ह्यात शेतीच्या राखणीसाठी परवान्याची बंदूक बाळगणारे शेतकरी पुष्कळ. एकजण उत्साहाने म्हणाला, “सर, काकांची बंदूक घेवन येतंय. छर्रे काढले काय झाला! नुसतो आवाज.”

मी त्याला समोर बसवले. बाबा रे, छर्रे काढले तरी दारू राहतेच, आणि तिच्यावरचे बूचही. दारू पेटली की तापलेला वायू, जळते कण आणि ते बूच नळीतून सुसाट सुटतात. जवळच्या माणसाचा जीव घ्यायला तेवढे पुरते. शिवाय परवाना काकांचा आहे, तोही शेतराखणीचा. पुतण्याच्या सिनेमाचा नव्हे.

हे नुसते मास्तरी भय नव्हे. १९८४ साली जॉन-एरिक हेक्सम या अमेरिकन नटाने चित्रीकरणाच्या जागी थट्टेने रिव्हॉल्व्हर कानशिलाला लावून चाप ओढला. आत गोळी नव्हती, पण स्फोटाच्या दाबाने कवटीचा तुकडा मेंदूत घुसला. १९९३ साली ब्रूस लीचा मुलगा ब्रँडन गेला. आधी वापरलेल्या नकली काडतुसाचे शिसे नळीत अडकून राहिले होते. बिनगोळीच्या बाराने ते बाहेर फेकले. २०२१ साली ‘रस्ट’च्या चित्रीकरणात छायाचित्रकार हलीना हचिन्स मारल्या गेल्या, तेव्हा तर पिस्तुलात खरीच गोळी निघाली. शस्त्रे सांभाळणारीला २०२४ मध्ये तुरुंगवास झाला.

जाणत्यांचे नियम साधेच आहेत. प्रत्येक शस्त्र भरलेलेच समजावे. खरे काडतूस चित्रीकरणाच्या आसपासही नसावे. शस्त्रांची जबाबदारी एकाच जाणकाराकडे असावी, आणि दर खेपेस त्याने नळी तपासावी. नेम माणसावर न धरता बाजूला धरावा. कॅमेरा ती फसवणूक बेमालूम करतो.

“पण सर, खरा वाटात?” पोराने विचारले. मी म्हटले, “दशावतारात लाकडी तलवारीने राक्षस मरतो, तेव्हा तुझी आजी उठून जाते का?”

पोरे हसली. त्यांनी लाकडाची बंदूक केली आणि आवाज मागाहून जोडला.

वाचकहो, या दिवाळीत तुमच्याही घरी टिकल्यांचे पिस्तूल येईल. बंडू ते ताईच्या तोंडावर रोखील आणि आपण कौतुकाने हसू. तेवढ्यावेळी मात्र हसू नका. हात प्रेमाने बाजूला वळवा. खेळण्यावर जडलेली सवय खऱ्यावरही तशीच राहते.