सूत्र हेही वाक्यच!

कलाशाखेचा आणि गणिताचा छत्तीसचा आकडा, असे आपल्याकडे सर्रास गृहीत धरले जाते. परंतु अर्थशास्त्रातील मागणीची लवचिकता, मानसशास्त्रातील प्रमाण विचलन, भूगोलातील लोकसंख्येची घनता, तर्कशास्त्रातील ‘जर-तर’ची चिन्हे, यांपैकी कशाचे सूत्रावाचून चालते? आपण गणित सोडले तरी गणित आपल्याला सोडत नाही. तेव्हा ही सूत्रे लिहावयाची कशी, हा प्रश्न विज्ञानशाखेइतकाच आपलाही आहे. आणि माझे स्पष्ट मत असे, की सध्या आपण सूत्रे लिहीतच नाही. त्यांची चित्रे चिकटवतो.

संगणकावर टिपणे तयार करताना मजकूर भराभर पुढे जातो आणि सूत्र आले की हात अडतो. मग वहीतल्या सूत्राचा मोबाइलवर फोटो काढायचा आणि तो मध्येच डकवायचा, ही आपली ठरलेली रीत. डोळ्यांना सूत्र दिसले, म्हणजे काम झाले! पण त्या चित्रात एखादे चिन्ह चुकले तर तेवढेच खोडता येत नाही. शोधू गेल्यास ते सापडत नाही. आणि याहून गंभीर गोष्ट अशी, की चित्र मुके असते. माझ्या वर्गातील एक मैत्रीण अंध आहे. ती टिपणे संगणकाकडून वाचून घेते. तो व्याख्या सांगतो, उदाहरण सांगतो आणि ऐन सूत्रापाशी ‘चित्र’ एवढेच बोलून पुढे जातो. परीक्षेत मात्र तेच सूत्र तिलाही विचारले जाते. हा न्याय म्हणावयाचा काय?

खरे पाहता यावरचा उपाय जुनाच आहे. अमेरिकेतील संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नूथ यांना १९७७ साली आपल्या ग्रंथाची मुद्रिते पाहून गणिताच्या छपाईचा उबग आला आणि त्यांनी स्वतःच ‘टेक’ नावाची अक्षरजुळणीची पद्धत रचावयास घेतली. तीत सूत्र कळफलकावरच्या साध्या खुणांनी एका ओळीत लिहितात. वर चढणाऱ्या अंकाआधी टोपीची खूण (^), खाली उतरणाऱ्या अक्षराआधी अधोरेषा (_), अपूर्णांकासाठी ‘फ्रॅक’ हा आदेश आणि त्यापुढे महिरपी कंसांत आधी अंश, मग छेद. सूत्राच्या दोन्ही टोकांना डॉलरचे चिन्ह. डॉलरच का? तर गणिताची छपाई महाग समजली जाते म्हणून, असा विनोद क्नूथ यांनीच आपल्या पुस्तकात केला आहे.

या खुणांचे मोल एका उदाहरणाने पटेल. ‘सहा अधिक चार भागिले दोन’ असे नुसते म्हटले तर उत्तर ५ की ८? सहा आणि चार दोन्ही रेघेच्या वर असतील तर ५. केवळ चार वर असेल तर ८. चित्रात हे डोळ्यांना कळते, पण संगणकाला कळेलच असे नाही. महिरपी कंसांत लिहिले की शंकेला जागा उरत नाही. सूत्र हे असे नेमके वाक्य आहे आणि वाक्य अक्षरांतच लिहावयास हवे.

पुढे २००४ साली जॉन ग्रूबर यांनी ‘मार्कडाउन’ ही सुटसुटीत पद्धत प्रसिद्ध केली. शब्दाभोवती तारका घातल्या की तो जोर देऊन छापला जातो, ओळीच्या आरंभी एक खूण केली की ती मथळा होते. मूळ मार्कडाउनमध्ये गणिताची सोय नव्हती. ती इतरांनी मागाहून टेकच्या खुणा घेऊन केली. असा मजकूर वेगवेगळ्या रूपांत पालटून देणारा ‘पॅनडॉक’ हा प्रोग्राम २००६ साली आला. तो लिहिणारे जॉन मॅक्फार्लेन हे कॅलिफोर्नियातील बर्कली येथे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आहेत, म्हणजे आपल्याच शाखेचे! एकदाच लिहिलेल्या टिपणातून त्याने वर्डची फाइल होते, छापण्याजोगी पीडीएफ होते आणि वेबपानही होते. वर्डमध्ये गेलेले सूत्र तेथेही दुरुस्त करता येते. वेबपानासाठी ‘मॅथएमएल’ हे १९९८ साली मान्यता पावलेले रूप निवडले, तर योग्य साधनाच्या साहाय्याने संगणक अंश कोणता, छेद कोणता हे बोलून सांगू शकतो.

अडचणी नाहीत असे नाही. अधोरेषा मार्कडाउनमध्ये जोर दाखवते आणि टेकमध्ये अक्षर खाली उतरवते, त्यामुळे क्वचित घोटाळा होतो. अर्थशास्त्राच्या टिपणात डॉलरची रक्कमही येते आणि डॉलरमध्ये बांधलेले सूत्रही. पॅनडॉक उघडणाऱ्या डॉलरच्या लगेच पुढे आणि मिटणाऱ्या डॉलरच्या लगेच मागे मोकळी जागा चालवून घेत नाही, म्हणून ‘$२० ते $३०’ हे त्याला सूत्र वाटत नाही. सगळेच प्रोग्राम इतके समंजस नसतात. तेव्हा ‘वीस डॉलर’ असे अक्षरी लिहिणे उत्तम. सूत्रात ‘मागणी’, ‘किंमत’ असे मराठी शब्द आले, तर ते ‘टेक्स्ट’ या आदेशात घालावे लागतात आणि पीडीएफसाठी ‘झीटेक’सारखे इंजिन व देवनागरी फाँट निवडावा लागतो; नाहीतर अक्षरे गळतात. रूपांतर झाल्यावर प्रत्येक सूत्र एकदा डोळ्यांखालून घालणे हे तर आलेच.

कोणी म्हणेल, वर्डमध्ये सूत्रे लिहिण्याची सोय असताना हा द्राविडी प्राणायाम कशाला? ती सोय चित्रापेक्षा शतपटीने बरी, हे मला मान्य आहे. पण साधा मजकूर कोणत्याही यंत्रावर उघडतो आणि एका प्रोग्रामच्या मेहेरबानीवर जगत नाही. युनिकोडपूर्वीच्या फाँटांत टंकलेले मराठी लेखन आज उघडले की कसा अक्षरांचा कचरा दिसतो, हे आपण मराठी माणसांनी अनुभवले आहे. कागदावर ते देखणे होते. फाइलीत मात्र मराठी नव्हतेच, होते ते मराठीचे सोंग. सूत्रांच्या बाबतीत तोच प्रकार पुन्हा कशाला करावयाचा?

शिकण्याजोगे तरी असे किती आहे? अपूर्णांक, घात, पायाक्षर, वर्गमूळ, बेरजेचे चिन्ह आणि चार ग्रीक अक्षरे. कलाशाखेचे बहुतेक काम एवढ्यावर भागते आणि दोन दुपारींत ते हातात बसते. ज्यांनी संस्कृतची रूपे पाठ केली, त्यांना हे जड जाऊ नये. प्रत्येक विभागाने यंदा निदान एका विषयाची टिपणे अशी लिहून पाहावीत आणि वर्गात वाटण्यापूर्वी संगणकाकडून एकदा वाचवून घ्यावीत. त्यात सूत्र ऐकू आले, तर माझ्या मैत्रिणीला परीक्षेच्या आदल्या रात्री कोणाची वाट पाहत बसावे लागणार नाही.