पॅड सोडल्यानंतर

भाताची झोडणी उरकली की टोकावड्याच्या आसपासच्या खाचरांवर रोलर फिरतो आणि कल्याण-नगर रस्त्याच्या कडेला फ्लेक्स लागू लागतात. अमुक चषक, तमुक चषक. टेनिसचा चेंडू, माईकवर घसा कोरडा होईपर्यंत बोलणारा समालोचक, रोख बक्षिसे. फ्लेक्सवर आमदार असतात, सरपंच असतात, बक्षिसाचे सौजन्य करणारे असतात. प्रशिक्षकाचे नाव मात्र आम्हाला एकाही फ्लेक्सवर सापडलेले नाही.

लहान संघाचा प्रशिक्षक काय करू शकतो, याचे उदाहरण इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये आहे. तिथे वरच्या चार विभागांत मिळून 92 क्लब आहेत. त्यांच्या खाली जे काही आहे त्याला तिथे ‘नॉन-लीग’ म्हणतात. तिथले बरेच खेळाडू दिवसा नोकरी करून संध्याकाळी सरावाला येतात, आणि खेळाडू म्हणून फार मोठे नाव न झालेला एखादा माणूस त्यांचा मॅनेजर, म्हणजे प्रशिक्षक, असतो. नील वॉरनॉक हा खालच्या विभागांत आयुष्य घालवलेला विंगर. 1987 मध्ये त्याने स्कारबरो या किनाऱ्यावरच्या गावाचा क्लब नॉन-लीगमधून वर काढला. मैदानावरच्या विजयाने थेट बढती देण्याचा नियम त्याच वर्षी लागू झाला होता आणि त्याचा पहिला लाभ स्कारबरोला मिळाला.

अशा माणसांची आपल्याकडची परंपरा क्रिकेटमध्ये शोधावी लागते. तिच्या मुळाशी रमाकांत आचरेकर आहेत. मालवणात जन्मलेल्या आचरेकरांच्या नावावर प्रथम श्रेणीचा एकच सामना आहे, तोही स्टेट बँकेकडून, हैदराबादच्या मोईनउद्दौला स्पर्धेतला. पुढचे सगळे आयुष्य त्यांनी शिवाजी पार्कवर मुलांना घडवण्यात घातले. सचिन तेंडुलकरचे गुरू म्हणून त्यांना सगळे ओळखतात. आम्हाला इथे त्यांचे दुसरे दोन शिष्य आठवतात.

चंद्रकांत पंडित 5 कसोटी आणि 36 एकदिवसीय सामने खेळले. यष्टिरक्षक म्हणून संघात आत-बाहेर करता करता 1992 मध्ये भारतीय संघाचे दार त्यांच्यासाठी बंद झाले. उतरत्या वयात ते मध्य प्रदेशाकडे गेले आणि 1999 मध्ये कर्णधार म्हणून त्या संघाला रणजीच्या अंतिम सामन्यापर्यंत घेऊन आले. बंगळुरूला, चिन्नास्वामी मैदानावर, पहिल्या डावात आघाडी मिळवूनही मध्य प्रदेश कर्नाटकाकडून हरला.

प्रशिक्षक झाल्यावर त्यांनी मुंबईला 2003, 2004 आणि 2016 मध्ये रणजी करंडक मिळवून दिला. 2017 च्या जानेवारीत इंदूरला मुंबई गुजरातकडून अंतिम सामना हरली आणि मुंबईने प्रशिक्षक बदलला. पंडित नागपूरला गेले. विदर्भाने साठ वर्षांत रणजीची अंतिम फेरीही पाहिलेली नव्हती. वर्षभरात त्याच इंदूरच्या मैदानावर विदर्भ विजेता झाला, पुढच्या वर्षी नागपुरात पुन्हा झाला. या माणसाची शिस्त कडक. पुढे आयपीएलमध्ये एका परदेशी खेळाडूने तिच्याबद्दल जाहीर कुरकूर केली. 2024 चे विजेतेपद मात्र कोलकात्याने त्यांच्याच हाताखाली मिळवले.

दुसरे शिष्य अमोल मुझुमदार. 1988 मध्ये हॅरिस शील्डच्या शालेय सामन्यात तेंडुलकर आणि कांबळी 664 धावांची भागीदारी करत होते, तेव्हा पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून बसलेला मुलगा तो. ते बसणे पुढे जन्मभर पुरले. प्रथम श्रेणीच्या पदार्पणात हरयाणाविरुद्ध 260, एकूण 171 सामने, 11,167 धावा, आणि भारताकडून एकही सामना नाही.

2022 च्या जूनमध्ये याच चिन्नास्वामीवर रणजीचा अंतिम सामना झाला. एका तंबूत मध्य प्रदेशचे प्रशिक्षक पंडित, दुसऱ्या तंबूत मुंबईचे प्रशिक्षक मुझुमदार. दोघेही आचरेकर सरांच्या तालमीतले. मध्य प्रदेश सहा गडी राखून जिंकला, पहिल्यांदाच. कर्णधार म्हणून जिथे करंडक निसटला होता, त्याच मैदानावर तेवीस वर्षांनी पंडितांच्या डोळ्यांत पाणी आले. मुझुमदारांना आणखी तीन वर्षे थांबावे लागले. 2 नोव्हेंबर 2025 रोजी त्यांच्या मार्गदर्शनाखालच्या भारतीय महिला संघाने दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. तो सामना नेरुळला झाला, म्हणजे आपल्याच ठाणे जिल्ह्यात.

नेरुळ आणि टोकावडे एका जिल्ह्यात आहेत, हे नकाशा समोर ठेवल्याशिवाय पटत नाही. शहापूरची धरणे मुंबईला पाणी पाजतात आणि धरणाशेजारचे पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. धरण उशाला, कोरड घशाला. खेळाचेही इथे तसेच आहे. आपल्याकडची मुले लांब षटकार मारतात, पण सरळ बॅटने चेंडू अडवायला त्यांना कोणी शिकवलेले नसते. टेनिसच्या चेंडूवर ते चालून जाते. लेदरच्या चेंडूपुढे, निवड चाचणीत, दुसऱ्या षटकात सगळे उघडे पडते.

रणजी संघ आणि गावाचा संघ यांची तुलना कोणी हसण्यावारी नेईल. पण विदर्भाची गोष्ट आम्हाला याचसाठी महत्त्वाची वाटते. मोठ्या संघाला प्रशिक्षक नसला तरी तो काही काळ अंगच्या गुणांवर निभावून नेतो. लहान संघाला ती सोय नसते.

सरळगाव, धसई, किन्हवली, टोकावडे, कुठेही विचारा. पंचेचाळिशीतला असा एक तरी माणूस निघेल, जो एके काळी कल्याण-ठाण्याच्या संघांतून लेदर चेंडूवर खेळला आणि नंतर नोकरीला किंवा शेतीला लागला. आता तो स्पर्धेच्या दिवशी कडेच्या खुर्चीवर बसून असतो. फार तर त्याला पंच म्हणून उभे करतात. यंदाच्या हंगामात आयोजकांनी पहिल्या बक्षिसातला चौथा हिस्सा बाजूला काढून त्याला पावसाळ्यापर्यंतचे मानधन द्यावे आणि आठवड्यातून तीन संध्याकाळी मुले त्याच्या हवाली करावीत. त्याचे नाव फ्लेक्सवरही छापावे. आमदारांच्या नावाखाली, बारीक अक्षरांत छापले तरी चालेल.