विमान उतरल्यानंतरचे दीड किलोमीटर

फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यूयॉर्कहून एअर इंडियाच्या विमानाने मुंबईत उतरलेले एक ८० वर्षांचे गृहस्थ इमिग्रेशनच्या ठिकाणी कोसळले आणि दगावले. पती-पत्नी दोघांसाठी व्हीलचेअर आधीच मागून ठेवलेली होती, पण प्रत्यक्षात मिळाली एकच. पत्नी खुर्चीत बसली आणि ते तिच्या मागोमाग चालत निघाले. विमानापासून इमिग्रेशनपर्यंतचे ते अंतर सुमारे दीड किलोमीटर असल्याचे तेव्हा वृत्तपत्रांत आले होते. त्याच महिन्याच्या अखेरीस नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, कंपनीला ३० लाख रुपयांचा दंड केला.

कंपनीचे म्हणणे असे होते की, व्हीलचेअरना मागणी फार होती, त्यांना थांबायला सांगितले होते, पण त्यांनी पत्नीबरोबर चालत जाणे पसंत केले. हे खरे धरले तरी प्रश्न उरतोच. पंधरा तासांच्या प्रवासानंतर आजारी बायकोला एक अनोळखी माणूस ढकलत घेऊन जात असताना कोणता म्हातारा नवरा ‘तू हो पुढे, मी येतो मागून’ असे म्हणेल? पासपोर्ट, गोळ्या, चष्मे बहुधा एकाच पिशवीत असतात आणि ती पिशवी एकाच्याच हातात असते. जोडप्यांपैकी एकालाच खुर्ची देणे म्हणजे दुसऱ्याला चालायला लावणेच होय.

घरात, सोसायटीच्या आवारात, भाजी आणायला व्यवस्थित फिरणारा माणूस विमानतळावर अचानक का गळतो, याचे नातेवाइकांना नेहमी नवल वाटते. त्यात नवल काही नाही. उडत्या विमानाच्या केबिनमधला हवेचा दाब साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीवरच्या हवेइतका असतो. म्हणजे प्रवासी कळसूबाईच्या शिखरापेक्षाही उंच जागी कित्येक तास बसून काढतो. धडधाकट माणसाला हे जाणवत नाही. हृदय कमजोर असेल किंवा फुप्फुसांचा जुना आजार असेल तर रक्तातला प्राणवायू थोडा कमी झालेलाही जाणवतो. त्यात एकाच जागी बसून पायांवर सूज येते, पोटऱ्यांत रक्त साचते आणि क्वचित त्याच्या गुठळ्याही होतात. विमानातल्या स्वच्छतागृहात जायला नको म्हणून वयस्कर माणसे पाणी कमी पितात. हृदयाचे किंवा रक्तदाबाचे रुग्ण तर लघवीची गोळी परस्पर बंद ठेवतात. झोप झालेली नसते, मधुमेहाच्या औषधांची वेळ टळलेली असते. अशा अवस्थेत विमान थांबते, सगळे घाईने उभे राहतात आणि उभे राहताच रक्तदाब खाली येतो. त्यानंतर हातात सात-आठ किलोची पिशवी घेऊन लांबलचक मार्गिका तुडवायच्या. ज्याच्या पायांच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या आहेत त्याच्या पोटरीत दोनशे पावलांवर गोळा येतो. ज्याच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद आहेत त्याच्या छातीत कळ येते, आणि लोक काय म्हणतील म्हणून तो न थांबता चालत राहतो.

निघताना व्हीलचेअर मिळते आणि उतरताना मिळत नाही, हा अनुभव सार्वत्रिक आहे. निघताना प्रवासी काउंटरसमोर उभा असतो, सोबत सोडायला आलेला मुलगा असतो, हुज्जत घालायला वेळ असतो. उतरताना काही मिनिटांत विमान रिकामे होते आणि वीस-तीस जणांना एकाच वेळी खुर्ची हवी असते. शिवाय एक साधा हिशेब नेहमी दुर्लक्षिला जातो. उतरणाऱ्या प्रवाशाबरोबर निघालेली खुर्ची इमिग्रेशनची रांग, सामानाचा पट्टा, कस्टम्स असे करत बाहेर टॅक्सीपर्यंत जाते. ती परत यायला सहज पाऊण तास लागतो. तेवढ्या वेळात त्याच विमानातल्या दुसऱ्या कोणालाही तिचा उपयोग नसतो. म्हणजे ज्या विमानात तीस जणांनी खुर्ची मागितली आहे, तिथे जवळपास तीस खुर्च्या आणि त्या ढकलणारी तेवढीच माणसे दारात उभी हवीत. खुर्च्या विकत घेणे त्या मानाने सोपे आहे. माणसे कंत्राटावरची, पगार बेताचा आणि मध्यरात्रीनंतर एकामागून एक उतरणारी परदेशी विमाने. खरी टंचाई तिथे आहे.

या टंचाईची दुसरी बाजू अप्रिय असली तरी सांगायला हवी. व्हीलचेअर मागणारे सगळेच चालू न शकणारे नसतात. खुर्चीत बसले की रांग लागत नाही, हा शोध आता सर्वांना लागला आहे. मात्र सगळ्यांना एकाच मापाने लबाड ठरवणेही चूक आहे. न्यू जर्सीला किंवा कॅलिफोर्नियाला मुलीच्या बाळंतपणासाठी निघालेली साताऱ्याची आजी चांगली चार किलोमीटर चालू शकते. तिला भीती असते ती दोहा किंवा फ्रँकफर्टला विमान बदलण्याची, इंग्रजी पाट्यांची आणि इमिग्रेशनच्या खिडकीतल्या प्रश्नांची. तिला हवा असतो वाट दाखवणारा माणूस. मुलगा तिकीट काढताना ‘व्हीलचेअर’वर खूण करतो, कारण माणूस सोबत मिळण्याचा तेवढाच मार्ग त्याला माहीत असतो. आजी संकोचाने खुर्चीत बसते आणि त्याच विमानातला हृदयरोगी चालत जातो.

वास्तविक विमान कंपन्यांच्या संगणकात या दोन गरजांसाठी वेगवेगळ्या नोंदी आहेत. भेटून वाट दाखवण्याच्या मदतीला ‘एमएएएस’ असे सांकेतिक नाव आहे. व्हीलचेअरचेही तीन प्रकार आहेत. ‘डब्ल्यूसीएचआर’ म्हणजे प्रवासी पायऱ्या चढतो, आसनापर्यंत जातो, पण लांब अंतर चालू शकत नाही. ‘डब्ल्यूसीएचएस’ म्हणजे पायऱ्याही चढता-उतरता येत नाहीत. ‘डब्ल्यूसीएचसी’ म्हणजे अगदी आसनापर्यंत उचलून किंवा अरुंद खुर्चीतून न्यावे लागते. बहुतेक नोंदी पहिल्या प्रकारात होतात, कारण कोणी विचारतच नाही. विमान एरोब्रिजला लागले तर काही बिघडत नाही. पण ते दूरच्या तळावर उभे राहिले आणि दाराशी शिडी लागली की गुडघ्याच्या रुग्णाला कळते की आपण चुकीच्या रकान्यात आहोत. दुसऱ्या प्रकारची नोंद असेल तर दाराशी लिफ्टची गाडी मागवली जाते, नसेल तर ती येईपर्यंत ताटकळावे लागते.

तेव्हा नोंद करताना आजाराचे नाव सांगण्यापेक्षा काय जमत नाही ते सांगावे. न थांबता दहा मिनिटे चालता येते का? एक मजला धाप न लागता चढता येतो का? अर्धा तास रांगेत उभे राहता येते का? यांपैकी एकाचेही उत्तर ‘नाही’ असेल तर व्हीलचेअर मागण्यात कमीपणा काहीच नाही. उलट, अनेक स्वाभिमानी वृद्ध ती नाकारतात आणि तेच जास्त धोक्यात असतात. पार्किन्सन्सचा, नुकत्याच अँजिओप्लास्टी झालेला किंवा स्मृतिभ्रंश सुरू झालेला माणूस दिसायला ठणठणीत असतो. अशांच्या बाबतीत मुलांनी आग्रह धरावा.

डीजीसीएच्या नियमांनुसार ही मागणी किमान ४८ तास आधी कळवायची असते आणि गरजूंकडून तिचे वेगळे पैसे घेता येत नाहीत. दोघांना हवी असेल तर दोघांच्या नावे दोन नोंदी कराव्यात, ‘आईवडिलांसाठी एक’ असे मोघम नको. निघण्याच्या काउंटरवर ‘उतरतानाही नोंद आहे ना?’ हे पुन्हा विचारावे, कारण पुढच्या विमानतळाला संदेश जातो तो तिथूनच. उतरण्यापूर्वी अर्धा-पाऊण तास हवाई कर्मचाऱ्यांना आठवण करावी. मग विमान थांबले की आसनातच बसून राहावे. व्हीलचेअरचे प्रवासी शेवटी उतरतात हे गृहीत धरूनच जोडविमानाच्या वेळा ठरवाव्यात. विमानाच्या दाराबाहेर पडून मार्गिकेत उभे राहिलेल्या वृद्धाची जबाबदारी मग कोणीही स्पष्टपणे घेत नाही. खुर्ची आलेली नसेल तर आसन सोडू नये. एकच आली असेल तर दोघांनीही थांबावे. औषधे, पाण्याची बाटली आणि थोडे खाणे हाताशी असावे. लघवीची किंवा मधुमेहाची गोळी प्रवासात कशी घ्यायची हे आठवडाभर आधी आपल्या डॉक्टरांना विचारून ठेवावे.

एवढे प्रवाशाने केले तरी यंत्रणा सुटत नाही. युरोपीय संघात २००८ पासून ही मदत विमानतळाची जबाबदारी आहे, त्यामुळे कंपनी कोणतीही असो, खुर्च्यांचा साठा एक असतो. अमेरिकेत १९८६ च्या कायद्याने ती विमान कंपनीवर टाकली आहे. तिथल्या परिवहन खात्याने ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सला अपंग प्रवाशांच्या हेळसांडीबद्दल पाच कोटी डॉलरचा दंड केला. भारतात जबाबदारी कंपनीची, माणसे कंत्राटदाराची आणि जागा विमानतळाची. मुंबईसारख्या ठिकाणी एका कंपनीच्या खुर्च्या रिकाम्या असताना दुसरीच्या प्रवाशांनी चालत जावे, याला काही अर्थ नाही. उतरणाऱ्यांसाठी तरी साठा एकत्र हवा. लांब मार्गिकांत थोड्या थोड्या अंतरावर टेकायला बाके हवीत. वाट दाखवणारा माणूस वेगळा मागता आला, त्यासाठी वाजवी शुल्क असले, तर अनेक आज्या खुशीने खुर्ची सोडतील.

गैरवापर रोखण्यासाठी डॉक्टरांचे प्रमाणपत्र सक्तीचे करावे, अशी सूचना अधूनमधून होते. ती वरवर सोपी वाटते. ज्याला रांग चुकवायची आहे तो प्रमाणपत्र दुपारपर्यंत मिळवेल. सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत सकाळी आठपासून केसपेपरच्या रांगेत उभा राहील तो गुडघे झिजलेला माणूसच.