बोकड अजून सुटलेला नाही

नांदेड-लातूर जिल्ह्यांतल्या ख्रिस्ती मंडळ्यांना एका सभासदाचं उघड पत्रक



माझ्या पणजीला कुणी विचारलं, की बाई, तू किरिस्ताव झालीस म्हणजे नेमकं काय झालीस, तर ती एवढंच सांगायची: आता मरीआईला बोकड द्यायचा नाही. पटकीची साथ आली की गाव वर्गणी काढायचं, बोकड कापला जायचा, पोतराज अंगावर आसूड ओढायचा आणि कर्ज आमच्या घरावर राहायचं. आमच्यासाठी एक जीव कायमचा दिला गेलाय, आता दुसरा द्यायचा नाही, इतकं तिला समजलं होतं. तिला अक्षरओळख नव्हती, पण इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा गाभा तिच्या मुठीत होता. आमची बीए-बीएड झालेली पिढी तो हरवून बसली आहे.

माझी आई अंथरुणाला खिळली तेव्हा एक पास्टर घरी आले. नाव सांगत नाही. एकाचं नाव घेतलं की बाकीचे सुटतात. प्रार्थनेआधी त्यांनी ‘विश्वासाचं बीज’ पेरायला सांगितलं, आणि किती पेरायचं ते बोटांनी दाखवलं. आईने वाढवलेला बोकड हाळीच्या बाजारात गेला, पैसे पाकिटात गेले. आजीने वाचवलेला बोकड नातीने दिला. कापला नाही, विकला, एवढाच फरक. पुढच्या महिन्यात आई वारली. त्याची तक्रार नाही, माणूस मरतोच. पण मातीला आलेले पास्टर म्हणाले, विश्वास कमी पडला. हे पत्रक त्या तीन शब्दांमुळे लिहिलं आहे. अंथरुणावर पडून ओठ हलवत राहिलेल्या बाईचा विश्वास यांनी कोणत्या मापाने मोजला?

आता शास्त्राकडे येऊ, कारण ही पास्टरमंडळी सारखी शास्त्राचं नाव घेतात.

नवा करार उघडा आणि ‘याजक’ कुणाकुणाला म्हटलंय ते बघा. यरुशलेमेच्या मंदिरातल्या याजकांना. ख्रिस्ताला. आणि पेत्राच्या पहिल्या पत्रात, तसंच प्रकटीकरणात, सगळ्या विश्वासणाऱ्यांना सरसकट. मंडळीच्या कारभाऱ्यांना वडील, अध्यक्ष, सेवक, पाळक अशी नावं आहेत. पदनाम म्हणून याजक एकालाही म्हटलेलं नाही. पौल रोमकरांना लिहिताना एके ठिकाणी सुवार्तेच्या कामाला याजकपणाची उपमा देतो, तीही कामाला, खुर्चीला नाही. लुस्त्र गावात झ्यूसचा पुजारी बैल आणि हार घेऊन पौल-बर्णबापुढे बळी द्यायला आला, तेव्हा त्या दोघांनी स्वतःचे कपडे फाडले. आपल्याकडे ‘अभिषिक्त’ पास्टरचा वाढदिवस असला की हार आणायला माणूस आदल्या दिवशीच नांदेडला पाठवतात, आणि कपडे फाटत नाहीत, नवे शिवले जातात.

इब्री पत्राचे सात ते दहा अध्याय घरी मोठ्याने वाचा. तिथला युक्तिवाद आपल्या मातीतल्या माणसाला लगेच कळेल असा आहे. याजकपण लेव्याच्या वंशाचं, म्हणजे जन्माने मिळणारं. येशू यहूदाच्या वंशातला. त्या वंशातून कुणी कधी वेदीपुढे उभं राहिलं नव्हतं, हे पत्रलेखक लपवत नाही, उलट ठासून सांगतो. मग येशू याजक कसा? मलकीसदेकासारखा, ज्याच्या आईबापाचा पत्ता नाही, वंशावळ नाही. (मलकीसदेक आज लातूरला असता तर त्याची व्हॅलिडिटी अडकली असती.) ज्यांच्या पूर्वजांना पिढ्यान्‌पिढ्या देवळाची पायरी चढू दिली नाही, त्यांच्यासाठी याहून मोठी बातमी कोणती? जातीने याजक नसलेला माणूस शेवटचा याजक झाला आणि त्याने ते वतनच मोडीत काढलं. आमच्यातले काही जण मात्र मोडलेलं वतन पुन्हा जोडून मुलाच्या नावावर करायला निघाले आहेत. बाप पास्टर, मुलगा पास्टर, सून ‘पास्टर मॅडम’, आणि चर्चची जागा कुणाच्या नावावर आहे हे विचारलं तर आत्मा खिन्न होतो.

त्याच पत्रात एक बारीक गोष्ट आहे. मंदिरातला याजक रोज उभा राहून तेच ते यज्ञ करतो. ख्रिस्त एकदा अर्पण करून बसला. दिवसभर कापूस वेचणाऱ्या बाईला विचारा, माणूस कधी बसतो. काम संपल्यावर. संपलेल्या कामाची मजुरी हे लोक दर रविवारी कुणाकडून वसूल करतात?

कुणी तोंड उघडलं की 105वं स्तोत्र पुढे येतं, अभिषिक्तांना हात लावू नये म्हणून. वरच्या ओळी वाचत जा. तिथे बोलणं चाललंय अब्राहाम, इसहाक, याकोब यांच्याबद्दल. म्हणजे मूठभर, परक्या मुलखात बिऱ्हाड घेऊन भटकणाऱ्या कुटुंबाबद्दल. आपल्याकडे दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला निघतात तशा माणसांबद्दल. आणि ताकीद दिलीय राजांना. ते स्तोत्र ऊसतोड्याच्या बाजूचं आहे. ते ऊसतोड्याचं तोंड बंद करायला वापरणं ही साधी चूक नाही, लबाडी आहे.

आणखी एक गोष्ट शास्ते या पुस्तकाच्या सतराव्या-अठराव्या अध्यायांत आहे, ती व्यासपीठावरून मी कधी ऐकली नाही. मीखा नावाच्या माणसाने घरात देवघर केलं आणि एक फिरता लेवी पुजारी ठेवला. वर्षाला दहा रुपे, एक पोशाख आणि पोटाला अन्न. आपलं बलुतंच की! मीखाला वाटलं, आता परमेश्वर आपलं भलं करणार, घरात लेवी आहे. पुढे दानाच्या वंशाचे सहाशे लोक आले आणि म्हणाले, एका घराचा पुजारी होण्यापेक्षा एका वंशाचा हो. लेव्याला आनंद झाला. देवघरातल्या मूर्ती उचलून तो त्यांच्याबरोबर चालता झाला. छोट्या गावातली मंडळी सोडून शहरातल्या मोठ्या स्टेजवर गेलेले दोन-तीन चेहरे वाचकांच्या डोळ्यांपुढे आले असतील.

कॅथलिक बांधव म्हणतील, हे आमच्यावर आहे का? तुमच्याशी आमचं भांडण जुनं आहे आणि ते समोरासमोरचं आहे. मिस्सा हे खरं बलिदान आहे असं ट्रेंटच्या धर्मपरिषदेने 1562 साली ठरवलं. नवा बळी नाही, तोच एक बळी रक्ताविना पुढे ठेवला जातो, असं तुम्ही म्हणता. मला ते पटत नाही. पण 1964 साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने बाप्तिस्मा झालेल्या प्रत्येकाचा ख्रिस्ताच्या याजकपणात वाटा आहे हे लिहून दिलं, आणि तुमचा फादर निदान काही वर्षं सेमिनरीत शिकून येतो. आम्ही मिस्साबलिदानाला नाकं मुरडली, 1520 पासून सगळे विश्वासणारे याजक अशी ल्यूथरची घोषणा मिरवली, आणि तीन महिन्यांच्या सर्टिफिकेटवर महायाजक तयार केले. लाज कुणाला वाटावी?

शेजारच्या धाराशिवला जानेवारी 2020 मध्ये साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष होते वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. निवडीला विरोध झाला, तरी ते आले. त्यांना मराठी माणसाने मान दिला तो ‘सुबोध बायबल’ लिहिल्याबद्दल आणि वसईच्या हिरवाईसाठी रस्त्यावर उतरल्याबद्दल. झग्याकडे बघून कुणी संमेलनाध्यक्ष करत नाही. त्यांच्याही आधी पंडिता रमाबाई होत्या. दीक्षा नाही, पाळकपद नाही. हिब्रू आणि ग्रीक शिकून एका बाईने सगळं बायबल मराठीत आणलं आणि ते केडगावला तिच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात छापलं गेलं. तिला कोणत्या पास्टरचं ‘कव्हरिंग’ होतं? नारायण वामन टिळकांनी 1917 साली मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ काढला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. आणि भटाशिवाय लग्न लागतं हे महाराष्ट्राला दाखवणाऱ्या जोतीरावांच्या सत्यशोधक समाजाने पहिलं लग्न लावलं ते 25 डिसेंबर 1873 रोजी, नाताळच्या दिवशी. बाबासाहेबांनी 1936 साली लिहिलं, की पुरोहितपण वंशाने चालू नये, त्याला परीक्षा आणि सनद असावी. आमच्या कितीजणांकडे ती सनद आहे?

मग ख्रिस्ती माणसाने अर्पण करायचंच नाही का? करायचं. इब्री पत्राच्या शेवटच्या अध्यायात दोन अर्पणं शिल्लक ठेवली आहेत: ओठांनी केलेली स्तुती, आणि उपकार करणं, आपल्यातलं वाटून देणं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंपाने किल्लारीत दगडमातीच्या भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. त्या ढिगाऱ्यांतून हातांनी दगड उचलणाऱ्यांनी जे केलं ते अर्पण. त्याला वेदी लागली नाही, आणि उचलणाऱ्याचा धर्म कुणी विचारला नाही.

पाळकाला पोटभर पगार द्या. कामकऱ्याला मजुरी मिळालीच पाहिजे, त्यात कसूर करणारी मंडळी पापी आहे. रात्री-अपरात्री मोटारसायकलवर खेड्यांत जाणारे, स्वतःच्या पोरांची फी थकलेले पाळक याच दोन जिल्ह्यांत आहेत. हे पत्रक त्यांच्याविरुद्ध नाही. पण पगार मंडळीच्या वहीत लिहिलेला असतो. पाकिटातलं कुठेच लिहिलेलं नसतं.

म्हणून मागणं एवढंच आहे. येत्या रविवारी उपासनेनंतर उठून जाऊ नका. वर्षाच्या जमाखर्चाची वही मागा आणि ती सगळ्यांसमोर वाचून घ्या. चर्चची जागा कुणाच्या नावावर आहे त्याचा सातबारा मागवा. घरात कुणी आजारी असेल तर दवाखान्यात न्या, आणि उशाशी बसून तुम्ही स्वतः प्रार्थना करा, बायांनीही करा, पोरांनीही करा, ती पोचते. प्रार्थनेआधी कुणी पाकीट मागितलं तर त्याला चहा पाजा आणि दार दाखवा.

वाचून झालं की हे पत्रक शेजारच्या घरी द्या.

आपला,
एक सभासद
ता. उदगीर, जि. लातूर