ताऱ्यांच्या गर्दीत कोणी राहत असेल?

मे महिन्यात रात्री साडेनऊ-दहाच्या सुमारास, दिव्यांपासून दूर आणि दक्षिणेचे क्षितिज मोकळे असेल अशा जागी उभे राहिलात, तर नरतुरंग तारकासमूहात एक पुसट ठिपका नुसत्या डोळ्यांनी दिसतो. तो एक तारा नव्हे. सुमारे एक कोटी ताऱ्यांचा तो गोलाकार तारकागुच्छ आहे, ओमेगा सेंटॉरी. आपल्या आकाशगंगेत असे सुमारे दीडशे गुच्छ माहीत आहेत. त्यातल्या बहुतेकांचे वय १० अब्ज वर्षांहून जास्त, म्हणजे सूर्याच्या दुपटीहून अधिक. एवढ्या काळात तिथे कुठे जीवसृष्टी रुजली असेल का?

या प्रश्नाला बराच काळ ‘नाही’ हेच उत्तर मिळत आले. कारणे दोन. हे तारे इतके जुने आहेत, की त्यांच्या जन्माच्या वेळी विश्वात लोह, सिलिकॉन यांसारखी जड मूलद्रव्ये फार थोडी होती. मग खडकाळ ग्रह बनणार कशाचे? दुसरे कारण गर्दी. जवळून जाणारा तारा ग्रहाला त्याच्या कक्षेतून ओढून काढू शकतो. १९९९ मध्ये हबल दुर्बिणीने ४७ टुकानी या गुच्छातले सुमारे ३४ हजार ताऱ्यांवर आठ दिवस नजर ठेवली. ताऱ्याला चिकटून फिरणारे गुरूसारखे १७ ग्रह सापडतील असा अंदाज होता. एकही सापडला नाही.

पण या निष्कर्षाचा पाया पुढे ढासळला. केप्लर दुर्बिणीमुळे असे ग्रह मुळात किती दुर्मीळ आहेत हे कळले. त्या आकड्यांवरून २०१७ मध्ये पुन्हा हिशेब मांडला, तेव्हा अपेक्षित संख्या दोनच्या आसपास आली. दोनऐवजी शून्य मिळाले, तर त्यातून फारसे काही सिद्ध होत नाही. शिवाय ज्येष्ठा ताऱ्याजवळच्या एम ४ या गुच्छात गुरूच्या अडीचपट वस्तुमानाचा एक ग्रह आहेच. एक स्पंदक आणि एक श्वेतबटू अशा दोन मृत ताऱ्यांभोवती तो फिरतो. त्यावर कोणी राहत नसणार, पण तिथे ग्रह बनू शकतात एवढे नक्की.

२०१६ मध्ये हार्वर्ड-स्मिथसोनियन केंद्राच्या रोझॅन डि स्टेफानो आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे अलक रे यांनी गर्दीचा मुद्दा वेगळ्या बाजूने पाहिला. गुच्छात आता उरलेत ते मुख्यतः छोटे, मंद लाल तारे. त्यांची ऊब बेताची, त्यामुळे पाणी द्रवरूपात राहील असा पट्टा ताऱ्याच्या अगदी जवळ असतो. आईच्या पदराला धरून चालणारे मूल जत्रेत सहसा हरवत नाही, तसा जवळचा ग्रह शेजाऱ्याच्या ओढीने सहज निसटत नाही. वर शेजारचा तारा आपल्यापेक्षा वीसपट जवळ. सूर्याच्या सर्वांत जवळच्या ताऱ्याला संदेश पाठवून उत्तर यायला साडेआठ वर्षे लागतील. तिथे पाच महिन्यांत काम भागेल.

मला हा युक्तिवाद पटतो, पण सरसकट नाही. २०१८ मध्ये स्टीफन केन आणि सारा डेव्हनी यांनी ओमेगा सेंटॉरीच्या गाभ्यातल्या साडेतीन लाख ताऱ्यांचा अभ्यास केला. तिथे दोन ताऱ्यांतले सरासरी अंतर ०.१६ प्रकाशवर्ष आहे आणि धोकादायक जवळीक सरासरी १६ लाख वर्षांतून एकदा घडते. पृथ्वीवर पहिल्या पेशीपासून बहुपेशीय प्राण्यांपर्यंत यायला अब्जावधी वर्षे लागली. दर १६ लाख वर्षांनी घर हलत असेल, तर पदर धरूनही फार काळ निभणार नाही.

म्हणून ‘गुच्छात जीवसृष्टी शक्य आहे का’ हा प्रश्नच फार ढोबळ आहे. गाभा आणि कडा, दाट गुच्छ आणि विरळ गुच्छ यांना एकच उत्तर लागू होणार नाही. १९७४ मध्ये अरेसिबोहून एम १३ या गुच्छाकडे संदेश पाठवला गेला. तो पोहोचायला सुमारे २५ हजार वर्षे लागतील. हाक मारण्यापेक्षा आधी घरे शोधणे बरे. दुर्बिणींचा वेळ मोलाचा असतो. तो दाट गाभ्यांवर खर्चण्यापेक्षा विरळ गुच्छांतल्या आणि गुच्छांच्या कडेच्या लाल ताऱ्यांवर खर्च व्हावा. तिथेही काही सापडले नाही, तर त्या ‘नाही’ला निदान वजन असेल.